माळ, मामा आणि मीडियम रेअर

मुलाखतीला बसून नोकरी मिळवलेला आमच्या घराण्यातला मी पहिला माणूस. त्यामुळे नात्यागोत्यात कुणालाही मुलाखतीचं बोलावणं आलं, की देवापुढे नारळ आणि माझ्यापुढे उमेदवार ठेवण्याची पद्धत पडून गेली आहे.

परवा अक्काचा मुलगा आला. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा झालेला. पुण्याला कोरेगाव पार्कातल्या एका उंची स्टेकहाऊसमध्ये वेटरच्या जागेसाठी त्याला बोलावलं होतं. आता, स्टेक म्हणजे काय हे आमच्या बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हतं.

"मामा, मांसाचा जाड काप. गिऱ्हाइकाला विचारून, तो सांगेल तितकाच भाजायचा."

मी थक्क झालो. लग्नाला इतकी वर्षं झाली, भाकरी किती भाजू असं मला घरात अद्याप कुणी विचारलेलं नाही.

बरोबर दाजीही आले होते. दाजी माळकरी, आणि चिरंजीवांच्याही गळ्यात पंढरपूरहून आणलेली तुळशीची माळ. त्यांची पहिली शंका कायद्याची होती. मी समजूत घातली, "दाजी, गाय तर सोडाच, २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. फार तर म्हशीचं नाहीतर रेड्याचं असेल."

"रेड्याचं?" दाजी ताडकन म्हणाले. "ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथं शेजारी, आळ्याला हाय. अन् तू मला रेड्याचं सांगतो?"

बँकेतल्या नोकरीने मला एक गोष्ट शिकवली आहे. उत्तर नसलं की विषयाचा काउंटर बदलावा. मी सेनापती बापटांना पुढे केलं. "सेनापती याच पारनेरचे ना? विलायतेत शिकून आलेला माणूस, पण गावात हाती झाडू घेऊन रस्ते झाडत. कुठलंही काम हलकं नसतं."

"त्यांनी झाडू पगारासाठी नव्हता घेतला," दाजी म्हणाले. पगारासाठी केल्यानेच काम हलकं होत असेल, तर एक तारखेला माझ्याइतका हलका माणूस तालुक्यात सापडायचा नाही. मी गुपचूप तयारीला लागलो.

तयारी भाच्याचीच चोख निघाली. मांसाच्या आत साधारण ५५ अंश सेल्सिअस उष्णता पोचली की मीडियम रेअर. ७० च्या पुढे गेली की वेल डन. विस्तवावरून उतरवल्यावर काप काही मिनिटं निवांत ठेवायचा, नाहीतर सुरी लागताच रस ताटभर होतो. आणि तो लाल रस म्हणजे रक्त नव्हे, मायोग्लोबिन नावाचं प्रथिन. जन्मात जिभेवर न ठेवलेल्या वस्तूबद्दल पोरगं असं बोलत होतं, की अक्काने हळूच त्याच्या गळ्यातली माळ जागेवर आहे ना ते पाहून घेतलं.

मग मी साहेब झालो. चष्मा नाकावर ओढून विचारलं, "आमच्या पदार्थांपैकी तुम्हाला स्वतःला कोणता आवडतो?"

"मी खात नाही म्हणून सांगेन."

"खुळा का काय! म्हणायचं, मीडियम रेअर आवडतं."

"मामा, खोटं बोलू?"

"अरे, मुलाखतीतलं खोटं ते खोटं नव्हे. मला विचारलं होतं, बँकेतच का यायचंय? १९ जुलै १९६९, १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण, हे सगळं पाठ करून गेलो होतो. ठणकावून सांगितलं, जनसेवेसाठी!"

"पण मामा, तुम्ही पगारासाठी आलात हे त्यांनाही ठाऊक होतं. तिथं फसलं कोण? गिऱ्हाईक मात्र माझ्या शब्दावर विसंबून पैसे टाकणार." थोडं थांबून त्याने अगदी सहज विचारलं, "तुम्ही बँकेत विमा विकता ना? ती पॉलिसी तुम्ही घेतलीय?"

अक्काने चहा आणला म्हणून वाचलो. पण तो चहा काही गोड लागला नाही. वीसेक दिवसांपूर्वी आमचे शाळेतले एक निवृत्त गुरुजी काउंटरवर आले होते. महिन्याचं टार्गेट डोक्यावर होतं. मी म्हणालो, "गुरुजी, बिनघोर घ्या, मी स्वतः घेतलीय." मी घेतलेली नव्हती. गुरुजींनी न वाचता सही केली. वर्गात आमच्या वहीतला अनुस्वारसुद्धा न सोडणारा माणूस!

रात्री बराच वेळ विचार करत पडलो. डॉक्टरने प्रत्येक औषध आधी स्वतः घेऊन पाहावं असा आग्रह आपण धरत नाही. रोखपाल दिवसभर दुसऱ्याचे लाखो रुपये मोजतो, त्यातला एक त्याचा नसतो. म्हणजे न चाखता वाढण्यात पाप नाही. ज्याला पोटाची सोय बघायची आहे, त्याला आपल्या आवडीचंच वाढायला मिळेल असं थोडंच आहे? पाप आहे ते "मी चाखलंय" म्हणण्यात. कारण त्या दोन शब्दांवर समोरचा माणूस आपली अक्कल बाजूला ठेवतो आणि आपली उसनी घेतो. आणि उसनं देताना नाणं खोटं असू नये, हे निदान बँकेतल्या माणसाला तरी कळायला हवं.

सकाळी भाच्याला म्हटलं, "खरं तेच सांग." तो पहिल्या एसटीने पुण्याला गेला. संध्याकाळी परत आल्यावर सांगू लागला, "मी म्हणालो, खात नाही, पण कसं भाजतात ते शिकलोय, आणि कुठल्या टेबलावरून काय परत आलं ते रोज लिहून ठेवीन."

"मग?"

"कळवतो म्हणाले."

'कळवतो' या शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे. कर्ज मागायला आलेल्यांना आम्ही दिवसातून दहादा तो सांगतो. पण मी काही बोललो नाही.

त्याच संध्याकाळी गुरुजींच्या घरी गेलो. सगळं कबूल केलं आणि पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हेही सांगितलं. गुरुजींनी शांतपणे कागद काढले, तारीख पाहिली, बोटांवर दिवस मोजले.

"उत्तर उशिरा दिलंस," ते म्हणाले, "पण घंटा व्हायच्या आत दिलंस. बस, चहा घे."

पॉलिसी त्यांनी परत केली. माझं टार्गेट एकाने घटलं. भाच्याला पुण्याहून अजून काही कळवलेलं नाही. मात्र परवा दाजी बँकेत आले, थेट माझ्याच काउंटरवर उभे राहिले आणि पासबुक पुढे करत म्हणाले, "पैसे कुठं ठेवू ते सांग. पन तू कुठं ठेवलेत ते आधी सांग."