एक फळी, दोन बाजू

माणसाला निम्म्याच अंगाने धीट होता येतं का? प्रश्न उपनिषदात शोभावा असा आहे, पण आमच्या शाखेत तो निघाला टेबल टेनिसच्या बॅटीवरून.

आमचे कॅशियरसाहेब जन्माचे बचाववाले. टेबलापासून चार पावलं मागे उभं राहायचं आणि येईल तो चेंडू चॉप करून परत पाठवायचा, समोरचा कंटाळून नेटमध्ये मारेपर्यंत. काउंटरवरही त्यांची हीच पद्धत. त्यांची फळीही तशीच : रुंद तोंडाची, मऊ लाकडाची, चेंडूचा सगळा वेग गिळून ढेकर न देणारी. बॅकहँडला लांब पिंपल्सचं रबर. असल्या बॅटीने फोरहँड हाणला, तर चेंडू कर्जाच्या अर्जासारखा जातो; पोचतो, पण तोवर समोरच्याची गरज संपलेली असते.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना आता साहेबांना खणखणीत फोरहँड हवासा वाटू लागला आहे. बेत असा : फोरहँडच्या बाजूला कडक लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवायचा, वर जरा जाड स्पंजाचं रबर लावायचं आणि बॅकहँडला हात लावायचा नाही. नियमांची आडकाठी नाही. फळीच्या जाडीत निदान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड हवं; चिकटथरात कार्बनसारखे धागे घातले, तर तो थर जाडीच्या साडेसात टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यांपैकी जे कमी असेल तेवढाच. वाचून मला भरून आलं. ‘यांपैकी जे कमी असेल ते’ लिहिणारा माणूस आपल्याच खात्यातला असणार!

अडचण लाकडाची आहे. रबरं दोन असतात, फळी एकच. एका बाजूने ताठ केली की ती सबंधच ताठ होते, आणि काल टेबलावर पडणारा बॅकहँडचा चॉप आज चार बोटं बाहेर जातो. यावर साहेबांचं उत्तर तयार असतं : २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत कोरियाचा जू से-ह्युक बचाव करता करता मध्येच फोरहँड हाणत अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. (तिथे ऑस्ट्रियाच्या श्लागरने त्याला हरवलं, हे साहेब सांगत नाहीत.) शिवाय त्याच्याजवळ पाय होते. साहेबांजवळ गुडघे आहेत.

पण खरं दुखणं बॅटीचं नाहीच. त्यांच्या मुलीला बेकरी काढायची आहे आणि दुसऱ्या एका बँकेतल्या कर्जाला जामीन हवा आहे. छत्तीस वर्षांत साहेबांनी कुणाला जामीन म्हणून सही दिलेली नाही. सख्ख्या मेव्हण्यालाही दिली नाही, आणि मेव्हणा ते विसरलेला नाही. मुलीला दिली, तर त्याला काय सांगायचं? इकडे धीट व्हावं आणि तिकडचा नकार शाबूत राहावा, अशी सोय माणसाच्या लाकडात नसते. माझं मत विचाराल, तर नकार थोडा बिघडला तरी चालेल. मेव्हण्याला नाही म्हटलं ते तत्त्वाने की भीतीने, हे सही केल्याशिवाय साहेबांनाही कळायचं नाही.

सध्या पापुद्रा आणि कर्जाचा फॉर्म त्यांच्या ड्रॉवरमध्ये एकावर एक पडलेले असतात. काल शाखेतली फेव्हिकॉलची डबी सापडेना, निघाली साहेबांकडे. झाकण उघडं होतं. चिकटवलं काय, पापुद्रा की फॉर्मवरचा फोटो, हे विचारायची काही माझी हिंमत झाली नाही.