घोड्याच्या तोंडातील लोखंड

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास तापीकाठी सारंगखेडे येथे दत्ताची यात्रा भरते व तीत घोड्यांचा मोठा बाजार असतो. (१९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोवर हे गाव धुळे जिल्ह्यात मोडत असे.) घेणारा मनुष्य दात पाहून वय ठरवितो, भोवरे तपासतो, चाल पाहतो. लगाम मात्र सौदा आटोपल्यावर, सामानाच्या पालापुढे उभे राहून, घाईने घेतला जातो. आपल्या आज्ञेत राहावे म्हणून मुक्या प्राण्यास किती दुःख देण्याचा आपणांस अधिकार आहे, हा प्रश्न त्या घाईत कोणी विचारीत नाही.

घोड्याचे पुढचे दात व दाढा यांच्यामध्ये हिरडीचा मोकळा भाग असतो. लगामाची सळई जिभेवर व ह्या भागावर टेकते. तेथे हाडावर कातडीचा पातळ थर तेवढा असतो. सळई गुळगुळीत व बेताची जाड असली म्हणजे दाब पसरतो. बारीक किंवा पिळाची असली म्हणजे तोच दाब रुततो. बाजूस लांब दांड्या असलेल्या लगामात हाताचा जोर तरफेप्रमाणे वाढतो. काटेरी लगामास तर १९६५ सालच्या सरकारी नियमांनीच मनाई आहे. तरी तो अजून आढळतो. याकोबाच्या पत्रातील लगामाचा दाखला आपण पुष्कळदा ऐकतो व मनुष्याच्या जिभेचा विचार करतो. घोड्यासही जीभ आहे, हे सहसा मनात येत नाही.

काटेरी लगाम बाळगणारा म्हणतो, “हा घोडा तोंडाचा कठीण आहे, साध्या लगामास जुमानीत नाही.” ते खोटे नसेल, परंतु तो कठीण कोणी केला? रोजच्या ओढीने हिरडी घट्टे पडून बधिर होते, मग तीक्ष्ण लोखंड हवे होते, आणि पुढे त्याहून तीक्ष्ण. कठोरपणा आपली गरज आपणच उत्पन्न करितो व नंतर तीच गरज साक्षीस उभी करितो. घरात व शाळेतही हे आपण पाहिले आहे.

तथापि एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. लग्नाच्या वरातीत वाजंत्री, फटाके व पोरांची गर्दी असते. घोडा उधळला तर एखादे मूल चिरडेल. मुलाच्या जिवापुढे घोड्याच्या तोंडाची काय कथा? मुलाचा जीव अधिक मोलाचा, हे आम्ही निःसंशय मान्य करतो. परंतु घोडा स्वभावतः दुःखापासून पळणारा प्राणी आहे. भ्यालेल्या घोड्याच्या तोंडात वेदना घातली तर तो थांबेलच असे नाही. मागच्या पायांवर उभा राहील किंवा अधिकच उधळेल. ज्यास गर्दीची व आवाजाची सवय हळूहळू लावली नाही, त्यास वरातीत नेऊच नये. सवय लावावयास महिने लागतात, काटेरी लगाम तात्काळ मिळतो. मोह आहे तो येथेच.

आपल्या शेतकऱ्यांस हे नवे नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळणारा मनुष्य जूं कोठे घासते हे जाणतो, आणि वेसणीस हिसडा दिल्याने नाक चिरते हेही जाणतो. घोड्याच्या बाबतीतही, हात हिसके देणारा असेल तर मऊ लगामही दुखवितो. म्हणून चांगला लगाम घेऊन काम संपले असे कोणी समजू नये; ओढल्याबरोबर घोड्याने मान दिली की त्याच क्षणी दोर सैल सोडणे, हे शिकावे लागते.

घेण्यापूर्वी सळईवरून बोट फिरवून पाहावे. खरबरीत लागली तर घेऊ नये. ती तोंडाच्या रुंदीस बेताची असावी, ओठाचे कोपरे चिमटीत सापडू नयेत. काम झाल्यावर तोंड उघडून जखम आहे की काय हे पाहावे. मान झटकणारा घोडा बहुधा द्वाड नसून दुखावलेला असतो. आणि धुळ्याकडील पौषातल्या थंड पहाटे ते लोखंड तोंडात घालण्यापूर्वी क्षणभर आपल्या मुठीत धरून ऊब द्यावी.