घाट बंद पडला तर

चि. मुक्ता,


तुझी बदली वैभववाडीला झाली, आणि तीही नेमकी पावसाच्या तोंडावर. तिकडे पिशवीचं दूध बरंचसं कोल्हापूरकडून घाट उतरून येतं. करूळ घाटात दरड आली की गाडी वरच अडकते. डाळ-तांदळाची बेगमी तू करशीलच; तिच्यात दुधाची पावडरही धर.

पण समोर दिसेल तो डबा उचलू नकोस. ‘डेअरी व्हाइटनर’ म्हणून जे मिळतं, त्यात बहुधा साखर असते. त्याची कढी करून बघ म्हणजे कळेल! खरी दूध पावडर दोन जातींची. सायीच्या पावडरीत स्निग्धांश २६ टक्के किंवा त्याहून जास्त, बिनसायीच्या पावडरीत दीड टक्क्याच्या आत. चहाला सायीचीच चव लागते, हे मलाही मान्य. पण स्निग्धांशाला हवा लागली की तो खवट होतो. म्हणून साठवणीला बिनसायीची घे आणि चहाच्या हौसेपुरतं सायीचं एखादं लहान पाकीट ठेव.

तुझी आई पावडर म्हटलं की नाक मुरडते. म्हशीच्या दुधाची पावडर होणारच नाही असं परदेशी तज्ज्ञही म्हणत. दलाया नावाच्या इंजिनिअरनं ते खोटं ठरवलं आणि १९५५ साली आणंदला कारखाना उभा राहिला. मुंबईत तर दारा खुरोडी नावाच्या गृहस्थांनी म्हशीच्या दुधात पाणी आणि बिनसायीची पावडर घालून टोन्ड दूध काढलं. उन्हाळ्यात दूध आटलं की डेअऱ्या आजही पावडर कालवतात. आईला हे सांग. पटणार नाही, पण सांग.

खरा वैरी कोकणातली दमट हवा. पावडरीत ओल जेमतेम चार-पाच टक्के, त्यामुळे ती हवेतलं पाणी ओढून घेते. आधी गोळे होतात, मग दगड. एक किलोच्या पाकिटापेक्षा दोनशे ग्रॅमची पाच घे. एक फोडायचं, बाकीची बंदच राहू देत. पाकिटावरची तारीख न फोडलेल्या पाकिटाची असते, हे विसरू नकोस. फोडलेलं घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, गॅसपासून लांब. उकळत्या चहावर पाकीट धरून ओतायचं नाही, वाफ थेट आत जाते. बरणी फ्रिजमध्ये ठेवलीस तर गार असताना उघडू नकोस, आत दव धरतं. पावडर पिवळसर दिसली किंवा वास बदलला, तर जीव न अडकवता टाकून दे.

शंभर ग्रॅमला नऊशे मिली पाणी. पाणी आधी उकळून कोमट कर. थोड्या पाण्यात पावडर फेटून घे, मग उरलेलं घाल. एकदम ओतलंस तर गुठळ्या. कालवलेलं दूध ताज्या दुधासारखंच नासतं आणि तिकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा लागेल तेवढंच कालव.

शेजारी कुणी तान्ह्या बाळासाठी मागायला आलं तर मात्र ही पावडर देऊ नकोस. बाळाचं दूध वेगळं, ते डॉक्टरांना विचारूनच.

गणपतीपर्यंत घाट सुरळीत राहिला तर पाकिटं तशीच ठेवून जुनी करू नकोस. विरजण लावताना लिटरभर दुधात दोन चमचे पावडर घाल, दही घट्ट लागतं. उरलेली नारळाच्या वड्यांत घाल. नारळ तिकडे हाताशी आहेतच.

तुझी,
आत्या