कुळ विचारणारी सभा

कर्णाचे नाव निघाले की मराठी माणसाचा गळा चटकन दाटून येतो. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, त्यानंतर तर हा उमाळा घराघरांत पोचला. आपल्या दुभाषी मुलखात तो दुसऱ्या अंगानेही कानी पडतो. दहाव्या शतकातल्या पंपाने कन्नडात भारत रचले. त्याचा नायक अर्जुन, कारण आश्रयदाता अरिकेसरी त्याने अर्जुनात पाहिला. तरीही भारतातल्या कुणाला आठवायचे तर कर्णाला आठवा, असे सांगितल्यावाचून त्या कवीला राहवले नाही.

एवढी माया ज्याच्यावर, त्याच्या एका कृत्यापाशी मात्र आपण पान घाईने उलटतो. द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने धाकटा विकर्ण उभा राहिला, तेव्हा त्याला गप्प करणारा कर्णच होता. पाच पतींच्या त्या स्त्रीला त्याने भर सभेत हलका शब्द वापरला आणि तिची व पांडवांची वस्त्रे उतरवून घ्या, असे दुःशासनाला सांगितले. दानशूर, सत्यवचनी कर्णाच्या तोंडी हे आले कुठून?

उत्तर शोधायला रंगभूमीवर जावे लागते. कर्ण तिथे अर्जुनाने केले ते सर्व करून दाखवतो. द्वंद्वाची वेळ येते तेव्हा कृपाचार्य उठतात आणि नेमका एक प्रश्न विचारतात : तुझे कुळ कोणते? कर्णाची मान खाली जाते. नंतर अधिरथ घामाघूम होऊन येतो, कर्ण त्याच्या पायांवर डोके ठेवतो आणि भीम म्हणतो की याच्या हाती चाबूकच शोभेल. कुंतीने मुलाला ओळखले होते. ती मूर्च्छित झाली, शुद्धीवर आली, पण बोलली नाही. साऱ्या सभेत त्याला जवळ करणारा एकटा दुर्योधन निघाला. त्याने अंगदेशाचे राज्य दिले. बदल्यात काय हवे, असे कर्णाने विचारल्यावर म्हणाला, तुझे अखंड सख्य. अपमानित माणसाला याहून गोड मागणी कोणती? त्या सख्याची किंमत पुढे द्यूतसभेत चुकती झाली. चुकती केली कर्णाने, भरली द्रौपदीने.

इथे कुणी म्हणेल, स्वयंवरात तिनेच नव्हते का ‘सूताला वरणार नाही’ म्हणून त्याला हिणवले? ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती खरीच वाटते. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पुरी केलेल्या चिकित्सक आवृत्तीत तो प्रसंग मूळ संहितेत नाही, तळटीपेत आहे. मला वाटते, कर्णावरच्या प्रेमापोटीच तो कुणीतरी आत घातला असावा. राग निघाला तो निदान अपमान करणारीवरच निघाला, एवढे समाधान त्यातून मिळते. ते समाधान खोटे आहे. कुळ विचारले कृपाचार्यांनी, हिणवले भीमाने, गप्प राहिली कुंती, आणि वस्त्राला हात घातला गेला तो भलत्याच बाईच्या.

याला आजचा आधारही आहे. ट्वेन्गी, बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अमेरिकेत काही प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांना भासवले की गटातल्या कुणालाच तुम्ही नको आहात. काहींना सांगितले की पुढचे आयुष्य तुम्हांला एकट्याने काढावे लागेल. अशी माणसे अपमान करणाऱ्याशी तर कठोर वागलीच, पण ज्याने काहीच केले नव्हते त्यालाही कर्कश आवाजाचा जास्त त्रास देऊ लागली. ज्याने दोन शब्द कौतुकाचे बोलले, त्याच्याशी मात्र ती तशी वागली नाहीत. तिथल्याच लिअरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ ते २००१ या काळातल्या शाळांतल्या १५ गोळीबारांचा अभ्यास केला, तेव्हा दोन वगळता सर्वांत झिडकारले जाणे सापडले. अर्थात त्याबरोबर शस्त्रांचे वेड, मनाचे आजार अशा इतर गोष्टीही होत्या. झिडकारलेली बहुतेक मुले कुणाच्या वाटेला जात नाहीत, हेही विसरून चालणार नाही.

कारण द्यूतसभेत आणखी एक हीनकुळी बसला होता. विदुर दासीपुत्र, जन्मामुळेच राज्याला मुकलेला. दुर्योधनाने त्यालाही टाकून बोलायचे ठेवले नव्हते. पण त्या दिवशी अन्यायाविरुद्ध तो बोलला आणि कर्ण अन्यायाच्या बाजूने. स्वभाव वेगळे, हे खरेच. पण विदुराला भीष्मांनी धृतराष्ट्र-पंडूंबरोबर पोटच्या मुलासारखे वाढवले होते. त्याला सिंहासन नाकारले, पंगतीतले पान नाकारले नाही. कर्णाकडे राधा-अधिरथाची माया होती, पण त्या घराबाहेर जगात त्याला बसायला जागा देणारा दुर्योधनच. मोकळी जागा जो आधी भरतो, त्याचा माणूस होतो.

आपल्या गावांत वर्गात उच्चारावरून हसले जाणारे एखादे पोर असतेच. कधी मराठी कन्नड शाळेत, कधी कन्नड मराठी शाळेत. चार वर्षांनी त्याला कुठल्या तरी मिरवणुकीच्या पुढे दगड घेऊन उभे केलेले दिसते, तेव्हा आपण त्याच्या संस्कारांची चर्चा करतो. त्याने दुकानाची काच फोडली हा गुन्हाच, आणि भरपाई त्यानेच द्यावी. दुकानदाराने त्याचे काय केले होते? पण त्याला नावाने पहिली हाक त्या मिरवणुकीनेच मारलेली असते.

कर्णाला हे कळले होते. उद्योगपर्वात कृष्णाजवळ तो कबूल करतो की दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना कडू बोललो, त्याचा आज पश्चात्ताप होतो. त्या वाक्यात द्रौपदीचे नाव नाही.