पानामागचं पाणी

मेथी निवडता निवडता कोवळं पान तोंडात टाकायची माझी लहानपणापासूनची सवय. आज पान उचललं आणि हात थांबला.

शेजारी अळूची जुडी होती. तिच्याशी अशी सलगी करताच येत नाही. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चं खाल्लं की घसा खवखवतो. म्हणून तर फदफद्यात चिंच पडते आणि ते मऊ होईपर्यंत शिजतं. मेथीचं तसं नाही. कांदा, तेल, तिखट घालून केलेला कच्च्या मेथीचा घोळणा भाकरीबरोबर किती गोड लागतो! कच्चं की शिजवलेलं, हे ज्या त्या पानाला विचारावं.

पानाची थोरवी केवढी! १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का आटतं, हे ती शोधत होती. यीस्टच्या अर्कानं त्या सुधारतात, हे तिनं दाखवलं. अर्कातलं ते द्रव्य १९४१ साली पालकातून वेगळं काढलं गेलं आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळालं फॉलिक अ‍ॅसिड.

पानातलं हे सत्त्व आणि 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळतात, फार उकळलं की घटतात. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि वाफेवर बेताचीच शिजवावी. बीटा कॅरोटीन मात्र शिजवून, फोडणीच्या तेलासोबत जास्त अंगी लागतं. मुतखडा होणाऱ्यानं पालक उकळून पाणी ओतून दिलेलं बरं. त्यानं ऑक्झलेट कमी होतं. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नये, एकदम तोडूही नये.

पण माझा हात थांबला तो या कशानं नाही. लहानपणी मेथी यायची ती आमच्या विहिरीच्या पाण्यावरच्या वाफ्यातून. आजची जुडी कुठल्या पाण्यावर वाढली? शहरांच्या कडेला कित्येक वाफे सांडपाण्यावर पोसले जातात. त्या पाण्यातून विषमज्वराचे जंतू आणि जंतांची अंडी पानावर येतात. पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर त्यांच्या अळ्या मेंदूपर्यंत पोचून फिट येऊ शकतात. धुतल्यानं माती जाते, पण सगळे जंतू जातातच असं नाही. त्यांना आचच लागते.

कच्चं पान खाणं म्हणजे ते ज्या पाण्यावर वाढलं, ते पाणी पिणं. आपण ओढ्यात जे सोडतो, ते जुडी बांधून आपल्याच ओट्यावर परत येतं.

तिसऱ्या पाण्यानंतरही पातेल्याच्या तळाशी बारीक माती दिसली. चौथं पाणी घेतलं, मेथी फोडणीला टाकली. मग मूठभर मेथीदाणे भिजत घातले. उद्या कुंडीत पेरीन. घोळण्यापुरती तरी मेथी अशी हवी, जिचं पाणी मला ठाऊक आहे.