कुरणातील विष आणि नैयायिकांचा ईश्वर

भूमी, अंकुर इत्यादी कार्यांवरून नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, त्या कार्यांच्या कर्त्याचे अनुमान केले. तो कर्ता दयाळू असून मुक्या जनावराची उपजत प्रेरणा हा त्याचाच हुकूम होय, ही भर भाविकांनी घातली. या भरीची तपासणी ग्रंथांत करण्यापेक्षा घोड्यांच्या कुरणात करावी, असे मला वाटते. तेथे भूमी व अंकुर दोन्ही आयतेच हजर असतात.

१८५६ साली अमेरिकेत मिसूरी नदीकाठच्या फोर्ट रँडल या लष्करी ठाण्याभोवती चरणाऱ्या रिसाल्याच्या घोड्यांच्या आयाळीचे व शेपटीचे केस गळू लागले, खूर सुजून मुळापासून सुटले, आणि गवत समोर असूनही पाऊल टाकवेना म्हणून कित्येक जनावरे उपाशी मेली. ठाण्यावरील शल्यवैद्य मॅडिसन याने ही लक्षणे नोंदविली. परंतु तेथील शेतकरी पुढे दीर्घकाळ खाऱ्या पाण्यालाच दोष देत राहिले, आणि मातीतील सेलेनियम गवतावाटे शरीरात शिरून, भाऊबंदाने वतन बळकवावे तसे केसांच्या व खुरांच्या घडणीतील गंधकाची जागा बळकावते, हा उलगडा विसाव्या शतकात झाला. बरे, सेलेनियमला विष ठरवून मोकळे व्हावे, तर ते प्राणिदेहाला आवश्यक असल्याचे १९५७ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले; न्यूझीलंडच्या ज्या मुलखात मातीत त्याची वाण आहे, तेथे शिंगरांचे स्नायू पांढरे पडून दुबळे होतात. एक किलो कोरड्या चाऱ्यात ०.१ मिलिग्रॅम पुरते. ५ मिलिग्रॅमपलीकडे अपाय संभवतो. विष व औषध यांतील भेद चरकाने योजनेवर सोपविला खरा, पण त्याने वैद्य गृहीत धरला होता. कुरणात वैद्य कोण?

प्रेरणा, असे उत्तर येईल. घामावाटे मीठ गमावलेला घोडा मीठ शोधून चाटतो, हे खरे. परंतु कॅल्शियमची उणीव असलेल्या तट्टांपुढे कॅल्शियम ठेवले असता ती आपली तूट भरून काढीत नाहीत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात सेटारिया जातीच्या गवतातील ऑक्झलेट कॅल्शियमला जखडून ठेवते, आणि ते गवत पोटभर खाणाऱ्या घोड्याच्या तोंडाची हाडे सुजतात. शेजारची गाय मात्र बहुधा निर्धास्त रवंथ करते, कारण तिच्या पोटातील सूक्ष्म जंतू ते ऑक्झलेट फोडतात. उलट, न्यूझीलंडच्या ज्वालामुखीजन्य पठारावर कोबाल्टच्या अभावी गुरेमेंढरे खंगत असता त्याच गवतावर घोडे धडधाकट राहिले.

मोकळ्या रानात भटकणारा घोडा एका मातीची तूट दुसऱ्या मातीवर भरून काढील, कुंपण माणसाचे, दोषही त्याचाच, असा बचाव मला निम्मा मान्य आहे. पण सेलेनियम कुंपणापूर्वीच मातीत होते. उरलेल्या निम्म्यासाठी नैयायिक जीवाच्या अदृष्टाकडे, म्हणजे पूर्वकर्माच्या साठ्याकडे, बोट दाखवितात. मात्र वेळीच कुरण बदलले की ज्या घोड्याला नवे खूर फुटू लागतात, त्याचे अदृष्ट त्या कुंपणापाशी थांबले असे मानावे, की कुरण बदलणाऱ्या मोतद्दाराची बुद्धीही त्याच घोड्याच्या पूर्वकर्माच्या खाती जमा धरावी?