हात लावला, आता काय?

बीरशेवा हे बुद्धिबळाचे शहर म्हणून जगात ओळखले जाते, आणि आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे तेथे नांदतात. तेव्हा हा प्रश्न तेथल्याच एखाद्या क्लबातला समजू या. दोन हौशी बायका स्पर्धेचा डाव खेळत आहेत, एक साठीची, दुसरी विशीतली. थोरली वजीर उचलते, धोका दिसताच परत ठेवते आणि घोडा हलवते. नियम असा की, खेळण्यासाठी ज्या सोंगटीला हात लावला तीच चालवायची. वजीर चालवला तर तो मरतो. पंच दूरच्या पटापाशी उभा आहे. धाकटीने बोलावे की गप्प बसावे? बोलायचे तर स्वतःची सोंगटी उचलण्यापूर्वीच. नंतर तो हक्क राहत नाही.

आपले मन प्रथम म्हणते, "जाऊ दे ग, मावशीच्या वयाची आहे." तालमूदचाही आधार देता येईल. बाबा मेत्सियात हमालांच्या हातून द्राक्षारसाचे पिंप फुटते. मालक त्यांचे अंगरखे काढून घेतो. रब त्याला अंगरखे परत करायला लावतात, वर मजुरीही द्यायला लावतात. कायद्याने देणे नसतानाही द्यावे, ही ती शिकवण.

पण ते हमाल गरीब होते, दिवसभर राबून उपाशी होते. आपली मावशी उपाशी नाही. तिला लाडच हवे असते तर ती घरी नातवाशी खेळली असती! ती फी भरून स्पर्धेला आली आहे. तिला सूट देणे म्हणजे तुमचा खेळ आम्ही खेळ मानत नाही, असे तोंडावर सांगणे. शिवाय सोडलेला गुण एकट्या धाकटीचा नसतो. त्याच गुणांसाठी बाजूच्या पटांवर इतर बायकाही झगडत असतात. दुसऱ्याच्या पिशवीतून सदाका कसा करणार?

गप्प बसणे नेहमी दयेचेच असते असेही नाही. 1994 साली लिनारेस येथे कास्पारोव्हने घोडा ठेवून हात सोडला व मग तो दुसऱ्याच घरात नेला. कॅमेऱ्याने ते टिपले. समोर सतरा वर्षांची युदित पोल्गार होती. तिने पटावर तक्रार केली नाही, आणि ती डाव हरली. त्या मौनाला उदारपणा कोण म्हणेल? धाकटीने आपल्या मौनाचीही अशीच पारख करावी: समोर समवयस्क, उर्मट मुलगी असती तर मी गप्प राहिले असते का?

माझ्या मते तिने बोलावे, हळू आवाजात, पण बोलावे. मात्र आपण मघापासून धाकटीलाच प्रश्न विचारीत आहोत. वजीर उचलल्याचे सर्वांत आधी थोरलीला ठाऊक असते. "हात लावला होता मी," असे म्हणून तिने स्वतःच घोडा परत ठेवून वजीर हलवला, तर पंचाला हाक मारण्याची पाळी त्या मुलीवर येतच नाही.